रिबनवरच्या तीन रेषा : सैन्यपदकांची चौकट करून देणाऱ्या कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

माझे वडील जून 1970 मध्ये डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीतून बाहेर पडून मराठा लाइट इन्फंट्रीत सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले आणि 35 वर्षांच्या सेवेनंतर 2005 मध्ये ब्रिगेडियर या हुद्द्यावर निवृत्त झाले. या काळात त्यांना मिळालेली 12 पदके निवृत्तीनंतर त्यांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, गणवेशाच्या कोटाच्या घडीत तशीच राहिली होती. बाबांच्या पंचाहत्तरीला या पदकांची नीट, टिकाऊ आणि सैन्याच्या संकेतांना धरून केलेली चौकट त्यांना द्यावी असे आम्ही भावंडांनी ठरवले आणि माजी सैनिकांच्या पदकांची मांडणी, दुरुस्ती व चौकट एवढेच काम करणाऱ्या एका कार्यशाळेकडे ते सोपवले. त्या कामाचे हे परीक्षण आहे. चौकट हाती येऊन आता आठ महिने झाले आहेत, तिने एक पावसाळा पाहिला आहे आणि सुरुवातीलाच त्यात एक गंभीर चूक होऊन ती दुरुस्तही झाली आहे. म्हणून पहिल्या दिवसाच्या आनंदात लिहिण्याऐवजी मी इतके दिवस थांबले.

या कार्यशाळेकडे जाण्याआधी आम्ही छायाचित्रांच्या चौकटी करणाऱ्या एका दुकानात चौकशी केली होती. तेथील गृहस्थ अगत्याने बोलले, पण पदके लाल मखमलीवर गरम गोंदाने चिकटवून वर काच बसवण्याची त्यांची पद्धत ऐकल्यावर माझे मन घेईना. एकदा चिकटवलेले पदक सोडवताना गोंदाबरोबर त्याच्या पाठीवरील अक्षरेही झिजू शकतात, आणि पदकाची पाठ ही पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची असते. बाबांना मिळालेल्या विशिष्ट सेवा पदकाच्या दर्शनी बाजूवर पंचकोनी तारा असतो, तर त्याचे नाव आणि राजमुद्रा मागच्या बाजूवर असते. चिकटवलेल्या चौकटीत हे सगळे कायमचे गोंदाखाली गेले असते.

कार्यशाळेतील पहिल्या भेटीनेच मला त्यांच्याविषयी विश्वास वाटला. तेथील मुख्य कारागिरांनी पदके हातात घेण्याआधी सुती हातमोजे घातले, एकेक पदक भिंगाखाली धरून त्याची कडा वाचली आणि प्रत्येकाची नोंद वहीत केली. ही कडा वाचण्याची गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती, हे आज लिहिताना मला खरोखर वाईट वाटते, कारण ती पदके मी लहानपणापासून पाहत आले होते. सेवापदकाच्या जाड कडेवर सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट अशी बारीक अक्षरे कोरलेली असतात, आणि हुद्दा त्या त्या वेळचा असतो. बाबांच्या 1971 च्या युद्धाच्या पश्चिमी तारा आणि संग्राम पदकावर ते सेकंड लेफ्टनंट आहेत, 9 वर्षांच्या दीर्घ सेवा पदकावर कॅप्टन, सियाचिन हिमनदी पदकावर मेजर आणि 2001-02 मध्ये सीमेवर झालेल्या सैन्यजमावाच्या, म्हणजे ऑपरेशन पराक्रमच्या पदकावर ब्रिगेडियर. पस्तीस वर्षांची चढण अशी धातूच्या कडांवर लिहिलेली होती आणि घरात ती कोणी वाचलेली नव्हती.

याच तपासणीत 12 पैकी 2 पदकांची कडा कोरी निघाली. ती मूळ पदके नव्हती. मूळ पदक हाती येण्यास विलंब झाला की अधिकारी गणवेशावर लावण्यासाठी छावणीच्या बाजारातून तयार प्रत घेतात, तशा त्या प्रती होत्या. कारागिरांनी हे आम्हाला स्पष्टपणे सांगितले आणि चौकटीच्या मागील नोंदीत त्या दोन पदकांपुढे ‘प्रतिकृती’ असे लिहावे का, असे विचारले. आम्ही होकार दिला. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक कधीही कळला नसता, म्हणूनच त्यांच्या या प्रश्नाचे मोल मला अधिक वाटते.

पदकांच्या क्रमाबाबत आमची समजूत पूर्णपणे चुकीची होती. सेवेचा प्रवास दिसावा म्हणून आम्ही पदके तारखेनुसार लावण्याची विनंती केली होती. त्यांनी ती नम्रपणे नाकारली आणि कारण समजावून सांगितले. सैन्यात पदके कोणत्या वर्षी मिळाली यावर त्यांचा क्रम ठरत नाही, तो शासनाने ठरवलेल्या अग्रक्रमानुसार असतो. म्हणून 2003 च्या प्रजासत्ताक दिनी जाहीर झालेले विशिष्ट सेवा पदक, उशिरा मिळूनही, सर्वांत पहिले येते. त्यानंतर पश्चिमी तारा, मग सियाचिन हिमनदी पदक आणि त्यानंतर संग्राम पदक येते. सियाचिनवरील मोहीम एप्रिल 1984 मध्ये सुरू झाली आणि संग्राम पदक 1971 च्या युद्धाचे आहे, तरीही क्रम हाच. पुढे ऑपरेशन पराक्रम, सैन्य सेवा आणि उच्च तुंगता (अतिउंच प्रदेशातील सेवेचे) ही पदके, नंतर स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे 1997 चे पदक आणि त्यानंतर रौप्यमहोत्सवाचे 1972 चे, आणि शेवटी दीर्घ सेवेची 30, 20 व 9 वर्षांची पदके, तीही अशीच उतरत्या क्रमाने. हा क्रम परिधान करणाऱ्याच्या छातीच्या मध्यापासून डाव्या खांद्याकडे जातो, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला तो डावीकडून उजवीकडे वाचता येतो. चौकटीतही तोच नियम पाळलेला आहे.

रुंदीचा प्रश्नही त्यांनी विचारपूर्वक सोडवला. पदकाची रिबन साधारण 32 मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे 12 पदके शेजारी शेजारी लावली तर 38 सेंटिमीटरांहून अधिक जागा लागते. गणवेशावर एवढी जागा नसते, म्हणून तेथे ती एकमेकांवर थोडी चढवून शिवतात आणि मागच्या पदकांचा अर्धा भाग झाकला जातो. चौकटीत जागेची अडचण नव्हती. त्यांनी सगळी पदके एका ओळीत, पूर्ण दिसतील अशी मांडली आणि प्रत्येक रिबन पाठीमागच्या कापडाला सुती दोऱ्याने शिवली. हे टाके कापले की पदक जसेच्या तसे मोकळे होते. एकही थेंब गोंद वापरलेला नाही, आणि अशा कामासाठी कोणाकडेही गेलात तरी हा एक आग्रह सोडू नये, असे मी आवर्जून सांगेन.

पदके चमकवण्याचा विषय निघाला तेव्हा घरात मतभेद झाला होता. माझ्या भावाची इच्छा होती की विशिष्ट सेवा पदक झळाळते करून घ्यावे, शक्य असल्यास त्याला मुलामाही द्यावा. कारागिरांनी यालाही नकार दिला. ही पदकांची मालिका 1960 मध्ये प्रथम, द्वितीय आणि तृतीय वर्ग अशा नावांनी सुरू झाली आणि 1967 मध्ये तिला परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक ही आजची नावे मिळाली. त्यांतील पहिल्या पदकाला सोन्याचा मुलामा असतो, दुसरे चांदीचे असते आणि तिसरे कांस्याचे. बाबांचे पदक तिसरे आहे. त्याला सोनेरी केले तर ते दुसऱ्याच कोणाचे तरी पदक दिसू लागेल, असे कारागीर म्हणाले. भावाची समजूत पटावी म्हणून त्यांनी परमवीर चक्राचे उदाहरण दिले. युद्धातील शौर्यासाठी देशात याहून मोठा सन्मान नाही, आणि विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याच्या पत्नी सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटलेले, इंद्राच्या वज्राच्या चार आकृती असलेले ते चक्रही कांस्याचेच आहे. भावाने पुन्हा मुलाम्याचा विषय काढला नाही.

शिवाय बटणे आणि बिल्ले चमकवण्याचे पॉलिश पदकांवर वापरणे हानिकारकच असते, कारण त्यात बारीक खरखरीत कण असतात आणि प्रत्येक घासणीबरोबर धातूचा पातळ थर निघून जातो. बाबांच्या पश्चिमी ताऱ्याच्या टोकांची धार वर्षानुवर्षांच्या अशा घासण्याने बोथट झालेली आहे. ती झीज भरून काढण्याचा प्रयत्न कार्यशाळेने केला नाही. मऊ ब्रशने धूळ काढली, बोटांच्या ठशांचे डाग हलकेच पुसले आणि पदकांवरचा काळपट रंग तसाच ठेवला. परेडच्या आदल्या रात्री दिव्याखाली ही पदके घासली जात असत, ते मी लहानपणी पाहिले आहे. बोथट झालेल्या टोकांत त्या रात्रीही आहेत, म्हणून मला ती झीज राहिल्याचे समाधान वाटते.

चौकटीच्या सामग्रीबद्दल थोडे तपशिलाने लिहिते, कारण या बाबतीत कार्यशाळेचे ज्ञान उत्तम आहे आणि ग्राहकाला सहसा काही विचारता येत नाही. पदकांच्या मागे लोकरीचे फेल्ट किंवा मखमल न घेता त्यांनी आम्लरहित पुठ्ठ्यावर ताणलेले धुतलेले सुती कापड घेतले आहे. लोकरीतून गंधकयुक्त वायू सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडत राहतो आणि बंद पेटीत त्याने चांदी व तांबे काळवंडतात. काही लाकडांतूनही आम्लाची वाफ निघते, म्हणून लाकडी चौकटीची आतली बाजू धातूच्या पातळ पत्र्याने मढवलेली आहे. काच अतिनील किरण अडवणारी आहे आणि पदकांपासून बोटभर अंतरावर आहे, त्यामुळे पावसाळी हवेत काचेवर बाष्प धरले तरी ते रिबनला लागत नाही. कोपऱ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवण्यासाठी खण आहे आणि ती मागून बदलता येते. जून ते सप्टेंबर या काळात मी ती दोनदा बदलली. चौकट बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर किंवा खिडकीसमोर लावू नये, अशी लेखी सूचना त्यांनी सोबत दिली होती आणि आम्ही ती पाळली. आजपर्यंत काचेच्या आत ना बुरशी दिसली, ना रिबनचा रंग उतरला.

आता चुकांविषयी लिहिते.

पहिली चूक पितळी पाटीवरच्या मजकुराची होती. पाटीवर ‘ब्रिगेडियर (निवृत्त)’ असे आधी आणि मग बाबांचे नाव कोरून आले. सैन्याचा संकेत असा आहे की निवृत्त अधिकारी होतो, हुद्दा निवृत्त होत नाही. म्हणून आधी हुद्दा, मग नाव, मग सन्मानाचे संक्षिप्त रूप आणि सर्वांत शेवटी कंसात ‘निवृत्त’ असे लिहायचे असते. माजी सैनिकांचेच काम करणाऱ्यांना हे माहीत असायला हवे होते, आणि ते त्यांना माहीत होतेही. चूक मजकूर टंकणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याकडून झाली, असे त्यांनी सांगितले. माझी तक्रार त्या कर्मचाऱ्याविषयी नाही, पद्धतीविषयी आहे. कोरण्याआधी मजकुराचा नमुना ग्राहकाला दाखवून लेखी होकार घेतला असता तर ही वेळ आलीच नसती. पाटी त्यांनी कोणतेही शुल्क न घेता नव्याने करून दिली.

दुसरी चूक मात्र अशी होती की ती आठवली की अजूनही मी अस्वस्थ होते. विशिष्ट सेवा पदकाची मूळ रिबन खालच्या कडेला मळलेली होती, म्हणून ती बदलावी असा सल्ला कार्यशाळेने दिला होता आणि आम्ही तो मान्य केला होता. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी चौकट बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा बदलला, जवळ वाकून डावीकडच्या पहिल्या पदकाकडे पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, त्यांना भरून आले असावे. मग ते म्हणाले, “ही अति विशिष्टची रिबन आहे. मला ते पदक मिळालेलं नाही. ही चौकट अशी भिंतीवर लावता येणार नाही.”

या मालिकेतील तिन्ही पदकांची रिबन सोनेरी पिवळी असते आणि तिच्यावर गडद निळ्या उभ्या रेषा असतात. परम विशिष्टच्या रिबनवर मध्ये एक रेषा, अति विशिष्टच्या रिबनवर दोन आणि विशिष्टच्या रिबनवर तीन. आमच्या चौकटीत दोन रेषांची रिबन शिवली गेली होती. आम्हा कोणाच्याही लक्षात न आलेली ही गोष्ट त्यांना अंधुक नजरेनेही दिसली, कारण ती रिबन त्यांनी दोन वर्षे गणवेशावर वागवली होती आणि तिच्याहून वरची रिबन ज्यांच्या छातीवर होती त्या वरिष्ठांना त्यांनी सलाम केलेला होता. एका रेषेच्या फरकाने त्यांच्या नावावर न मिळालेला सन्मान लागत होता, आणि तोही त्यांच्याच घराच्या भिंतीवर, त्यांच्याच मुलांच्या हातून.

बाबांचा हा काटेकोरपणा मी पूर्वीही पाहिला होता. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका संस्थेने त्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला तेव्हा सूत्रसंचालकांनी उत्साहाच्या भरात त्यांच्या पदकाचे नाव एक पायरी वर चढवून सांगितले. बाबांनी भाषणाला उभे राहिल्यावर सर्वांत आधी ते दुरुस्त केले आणि मगच आभार मानले. तेव्हा शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मला ते अवघडल्यासारखे वाटले होते. त्या वाढदिवसाच्या सकाळी मला कळले की ते तेव्हा कार्यक्रमाचा विरस करत नव्हते, स्वतःच्या सेवेची नोंद खरी ठेवत होते. 1971 च्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर त्यांच्याबरोबर असलेले आणि परत न आलेले जे सोबती होते, त्यांच्यापैकी काहींना एकही शौर्यपदक मिळाले नाही. त्यांच्यापुढे स्वतःची नोंद एका रेषेनेही फुगवणे बाबांना शक्य नाही.

त्याच दुपारी मी कार्यशाळेला दूरध्वनी केला. मुख्य कारागिरांनी कोणतीही सबब सांगितली नाही. रिबनची दोन गुंडाळी एकाच खणात ठेवलेली होती, ही आमची चूक आहे, असे म्हणून ते दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले. आल्यावर त्यांनी आधी बाबांची क्षमा मागितली आणि मग चौकट उघडली. तीन रेषांची नवी रिबन त्यांनी आणली होती, पण ती शिवण्याआधी ते थांबले आणि जुनी मळकी रिबन पाहायला मागितली. ती त्यांनी पहिल्याच वेळी पाकिटात घालून आम्हाला परत दिली होती. काढलेला एकही धागा ते फेकत नाहीत, ही त्यांची शिस्त अशा प्रसंगी उपयोगी पडली. रिबन उजेडात धरून ते म्हणाले, “साहेब, ही फाटलेली नाही, फक्त मळलेली आहे. ही बदलायचा सल्लाच मी द्यायला नको होता.” बाबा म्हणाले, “मग तीच लावा.” कमांडच्या (सैन्याच्या विभागीय मुख्यालयाच्या) अलंकरण समारंभात ज्या रिबनसह ते पदक त्यांच्या छातीवर लावले गेले होते, तीच रिबन आज चौकटीत आहे. खालच्या कडेचा डागही आहे.

चूक झाल्यावर अशी वागणूक मिळणे दुर्मीळ आहे आणि मी ती मनापासून नोंदवते. तरीही गुण देताना ही चूक मी सोडून देऊ शकत नाही. इतर कोणत्याही वस्तूत रंगाची एक रेषा कमी असणे हा किरकोळ दोष ठरला असता, पण सैन्यपदकाच्या बाबतीत तिथे अर्थच बदलतो. काम बाहेर जाण्याआधी पदक, रिबन आणि मूळ नोंद या तिन्ही गोष्टी दुसऱ्या माणसाने ताडून पाहणे अशा ठिकाणी अनिवार्य असायला हवे. आता आपण तसे करतो, असे त्यांनी मला सांगितले. नंतर माझ्या ओळखीतील एका कुटुंबाने त्यांच्याकडे काम दिले तेव्हा पदकांचे छायाचित्र आणि पाटीचा मजकूर दोन्ही होकारासाठी आधी आले, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

वेळेच्या बाबतीत त्यांनी सहा आठवडे सांगितले आणि नऊ घेतले, त्यामुळे ज्यांना ठरलेल्या दिवशी चौकट हवी असेल त्यांनी तीन महिने हाताशी ठेवावेत. चौकट वजनदार आहे आणि सोबत दिलेले खिळे तिला पुरेसे नाहीत. आम्ही भिंतीत पक्के स्क्रू बसवून घेतले. मेस ड्रेसवर, म्हणजे औपचारिक मेजवानीच्या गणवेशावर, लावायच्या लघुपदकांचा (त्याच पदकांच्या छोट्या आवृत्त्यांचा) संचही याच चौकटीत बसवावा असे आम्हाला वाटत होते, पण एकाच सन्मानाची दोन रूपे शेजारी ठेवू नयेत असे त्यांचे मत पडले आणि त्यांनी त्यासाठी स्वतंत्र छोटी पेटी दिली. पेटी छान आहे, मात्र तिच्या झाकणाची बिजागरी पहिल्या महिन्यातच सैल झाली.

प्रशस्तिपत्राचे काम मात्र निर्दोष झाले. मूळ कागद चौकटीत लावू नये, त्याची उत्तम प्रत लावावी आणि मूळ पत्र आम्लरहित पाकिटात, घडी न घालता, अंधारात ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. मूळ पत्राला 20 वर्षांत पडलेली मधली घडी त्यांनी दाबाखाली ठेवून जवळजवळ सपाट केली. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या ज्या आवरणात आम्ही ते ठेवले होते, तसले आवरण कागद आणि धातू दोन्हींना कालांतराने बाधते, हेही त्यांनीच सांगितले. ज्यांच्या घरी पदके अशा प्लास्टिकच्या पाकिटांत असतील त्यांनी चौकट करा अथवा करू नका, पण ती आजच बाहेर काढून आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावीत.

असे काम देऊ इच्छिणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. आम्ही बाबांना आश्चर्याचा धक्का देण्याच्या नादात त्यांना काहीच विचारले नाही, आणि वर सांगितलेल्या दोन्ही चुका आमच्या या एका निर्णयामुळे मोठ्या झाल्या. निवृत्त अधिकारी हयात असेल तर त्यालाच सोबत घेऊन बसावे. कोणते पदक कुठे आणि कोणत्या हुद्द्यावर मिळाले, कोणते मूळ आणि कोणते नाही, कोणता बार (रिबनवर लावायची धातूची छोटी पट्टी) कोणत्या रिबनवर बसतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि या निमित्ताने जे बोलणे होते, ते एरवी होत नाही. रिबन दुरुस्त होत असताना त्या एका दुपारी बाबा कारागिरांशी सियाचिनच्या चौकीविषयी जेवढे बोलले, तेवढे आम्हा मुलांशी गेल्या 35 वर्षांत बोलले नव्हते.

चौकटीच्या पाठीमागे जाड कागदावर एक नोंदपत्र लावलेले आहे. त्यात 12 पदकांची नावे, ती कशासाठी मिळाली, प्रत्येकाच्या कडेवरचा मजकूर अक्षरशः उतरवून आणि त्या कडेचे मोठे केलेले छायाचित्र असे सगळे आहे. दोन प्रतिकृतींपुढे तसे लिहिलेले आहे. या नोंदपत्राची कल्पना संपूर्णपणे कार्यशाळेची, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. दर्शनी बाजू पाहुणे पाहतात. बाबा मात्र अधूनमधून भावाला हाक मारून चौकट भिंतीवरून उतरवायला सांगतात, ती उलटी करून टेबलावर ठेवतात आणि सेकंड लेफ्टनंटपासून खाली एकेक ओळ वाचत जातात. एवढी जड चौकट दरवेळी उतरवणे सोपे नाही, म्हणून ती एका बाजूने भिंतीला बिजागऱ्यांवर बसवून दारासारखी उघडता येईल का, असे मी कार्यशाळेला विचारले आहे. पुढच्या आठवड्यात ते माप घ्यायला येणार आहेत.